नियम चौदा आणि सहाशे बारा झाडं

आमच्या विद्यापीठात कुणाला एखादी गोष्ट माहीत नसली की तो मला विचारायला येतो. मलाही माहीत नसली तर मी ती लिहून काढतो, म्हणजे पुढच्या वेळी ती सगळ्यांनाच माहीत असते. नियोजन विभागाचा कक्ष अधिकारी म्हणून अकरा वर्षं मी हेच करत आलो आहे आणि चांगलं करत आलो आहे. खोटा विनय मला जमत नाही.

विद्यापीठ छोटं आहे. देवगाव फाट्यावर उतरायचं आणि चार किलोमीटर आत यायचं. चाळीस एकर मुरमाड माळ, सहा इमारती (त्यातली एक अजून अर्धीच), दोन वसतिगृहं आणि एक पाण्याची टाकी. वर्षाची शैक्षणिक दिनदर्शिका मी करतो, वार्षिक अहवाल मी लिहितो, परिसर विकास आराखडाही माझाच. शिवाय दर महिन्याला ‘परिसर वृत्त’ नावाचं चार पानी पत्रक काढतो. मुलींच्या वसतिगृहातली नळाची तोटी बदलली तर ‘जलव्यवस्थेचे आधुनिकीकरण’ असा मथळा देतो. लोक हसतात. हसू देत. तोटी गळायची थांबली हे खरंच असतं.

आणि झाडं. कागदावर आमच्याकडे आठ हजार चारशे पन्नास झाडं होती. हा आकडा माझा फार लाडका. विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा माळावर दोनशे झाडं होती, असं कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं. पुढे दरवर्षी जुलैत साडेसातशे रोपं लावायची, फोटो काढायचा आणि मी मागच्या आकड्यात साडेसातशे मिळवायचो. अकरा वर्षं मिळवत गेलो. वजाबाकी करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. खड्डेसुद्धा दरवर्षी तेच असत, हे मला दिसत होतं; पण अहवालात खड्ड्यांचा रकाना नव्हता.

तर ही गोष्ट गेल्या दिवाळीच्या आधीची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. शिवकन्या तिचं नाव, गाव पालमच्या बाजूचं. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहात राहू द्यावे, असा अर्ज होता. अक्षर चांगलं होतं, पण मागणी नियमाबाहेरची.

“वसतिगृह वसुबारसेपासून एकवीस दिवस बंद,” मी म्हणालो. “दिनदर्शिकेत छापलंय. नियम चौदा. सुट्टी घरी जाण्यासाठी असते, बाळ.”

“घराला कुलूप लागतंय सर.”

“दिवाळीत?”

“दिवाळी करतो आमी. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी गाडी निघती. मायबाप ऊसतोडीला जायलेत, सहा महिने. समदी गल्लीच जाती. मामा बी जातो, मावशी बी जाती.”

“मग मागच्या वर्षी काय केलंस?”

“आजी होती घरी. आजी उन्हाळ्यात गेली.”

मी चष्मा काढून पुसला. असं काही ऐकलं की मला काहीतरी पुसावं लागतं.

“वसतिगृह भाऊबीजेनंतर पंधरा दिवसांनी उघडतंय,” ती म्हणाली. “ते मदले पंधरा दिवस मी कुठं राहू, तेवढं सांगा. वडील म्हनायलेत, उसाच्या फडावर चल. एकदा फडावर गेले की परीक्षेला कोन आनून सोडतंय मला? आन तरणी पोर पाचटाच्या कोपीत ठिवायची जिम्मेदारी नको म्हनून भावकी म्हनायली, तुळशीचं लगीन झालं की उजवून टाका.”

रडत नव्हती. फाट्यावर बसची वेळ विचारावी तसं विचारत होती. मी अर्जावर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारला आणि तिला परत दिला. मला तिचाच राग आला होता. एकवीस दिवस हा आकडा दुसऱ्या एका विद्यापीठाच्या दिनदर्शिकेवरून मी स्वतः उतरवला होता, आणि इतकी वर्षं त्यात कुणाला काही खोट सापडली नव्हती.

दुपारी मुलींच्या खानावळीत जेवायला गेलो. खानावळ कमलबाईंची. वय बावन्न, वसतिगृहाच्या मागच्याच खोलीत राहतात आणि एका वेळी साठ जणींच्या भाकरी थापतात. एरवी मला पाहिलं की ठेचा वाढतात. त्या दिवशी करपलेली भाकरी आली.

“कमलबाई, करपलीय ही.”

“खावा तशीच. तुमच्या कागदावर समद्या पोरींना घर हाय. खरंच हाय का म्हनून कवा बघायला गेलता का?”

मी ती तशीच खाल्ली.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर वसतिगृह नियमावली काढली. नियम चौदा मला पाठ आहे, असा माझा समज होता. निघालं असं की मला त्याचं पहिलंच वाक्य पाठ होतं. दुसरं वाक्य असं होतं: ‘मात्र परिसर विकास आराखड्यात नमूद केलेला उपक्रम सुट्टीत सुरू असून त्यात किमान दहा निवासी विद्यार्थी सहभागी असल्यास वसतिगृह व खानावळ सुरू ठेवण्यात येईल.’

मी उड्याच मारल्या असत्या, पण गुडघे ऐकत नाहीत. आराखडा काढला. एकशे चार पानं, सगळी माझी. बाब पाच, खुलं नाट्यगृह. बाब अकरा, तारांगण. या माळावर तारे फुकट दिसतात, तरीही तारांगण. बाब एकोणीस, जलक्रीडा केंद्र. प्यायला दोन टँकर येतात तिथे जलक्रीडा केंद्र मी कुठून उतरवलं होतं, देव जाणे. पान उलटत गेलो. प्रत्येक बाबीला इमारत हवी, नाहीतर मंत्रालयाची मंजुरी. पंधरा दिवसांत दहा पोरींना घेऊन, पदरचं काही न लागता करता येईल असं एकच काम त्या एकशे चार पानांत होतं. बाब सत्तावीस: ‘परिसरातील वृक्षांची प्रत्यक्ष गणना, दर पाच वर्षांनी.’

मी आराखडा मिटला आणि घरी गेलो.

दोन दिवस त्या पानाकडे फिरकलो नाही. गणना केली तर माझा आठ हजार चारशे पन्नास माझ्याच डोक्यात पडणार, हे कळायला मला नियोजन विभाग लागत नव्हता. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. कुणी सांगितलंय! दुनियेतल्या सगळ्या पोरींचा प्रश्न माझ्याच टेबलावर का यावा, असं मी स्वतःला दोन दिवस ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो होतो. शिवकन्या पुस्तकं परत करत होती, सगळीच्या सगळी. ग्रंथालयाचं कार्डही तिनं टेबलावर ठेवलं. सुट्टीला जाणारी पोरं पुस्तकं घेऊन जातात, कार्ड परत देत नाहीत.

मी तिथूनच परत फिरलो, खुर्चीत बसलो आणि टिपणी लिहिली. विषय: दिवाळी सुट्टीत वृक्षगणना उपक्रम.

आमच्या कुलगुरू राजेश्री मॅडम गणिताच्या. दीड वर्षापूर्वी आल्या. बोलतात कमी आणि सही करण्याआधी वाचतात, त्यामुळे ऑफिसात त्यांची थोडी दहशत आहे. टिपणी संध्याकाळी परत आली. वर ‘मान्य’, खाली सही, आणि मध्ये एक ओळ: ‘गणना खरी व्हावी.’ ‘खरी’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

आता दहा निवासी विद्यार्थी. शिवकन्येला बोलावलं, कार्ड परत घे म्हणालो आणि दहा जणी लागतील हे सांगितलं. तिनं तोंडावर हात धरला. मग म्हणाली, “सर, मी एकटी न्हाई. आमी सहा जणी हाव.” बाकीच्या पाच जणी दाराबाहेरच उभ्या होत्या. अर्ज द्यायची पाळी तिची होती, एवढंच. दीड वर्षात यातल्या एकीचंही घर कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

सातवी, आठवी आणि नववी प्रियांकानं आणल्या. प्रियांका बोरीची, घरचं बागायत, आवाज असा की जिन्यावर बोलली तर टाकीवर ऐकू येतो. ती आणि तिच्या खोलीतल्या दोघी.

“तू कशाला सुट्टी वाया घालवतेस?” मी विचारलं.

“सर, भाऊबीजेनंतर मला बघायला पाहुणे येणारेत. दोन पार्ट्या. तुमी फक्त विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र द्या की माझी इथं गरज हाय म्हनून.”

मी दिलं. पत्रात ‘अत्यावश्यक’ हा शब्द घातला, तो मला फुकट मिळतो.

नऊ झाल्या, दहावी मिळेना. ज्यांना घर आहे त्या घरी निघाल्या होत्या आणि त्यांना दोष कसा द्यायचा. सुट्टी दोन दिवसांवर आली. मी खानावळीत डोकं धरून बसलो होतो. कमलबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, “दहावी बी पोरगीच लागती का?”

“विद्यार्थी लागतो. निवासी विद्यार्थी.”

“निवासी तर मी हाय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. वसतिगृहाच्या मागची खोली, पत्ता तोच. आणि आमच्याकडे सहा महिन्यांचा अन्नप्रक्रिया प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, पात्रता ‘लिहिता-वाचता येणे’, प्रवेशाची मुदत उद्यापर्यंत. कमलबाई सातवी पास.

“मला काय अन्नप्रक्रिया शिकिवनार हे लोक?” अर्ज भरताना त्या करवादल्या. “चाळीस वर्सं झाली प्रक्रियाच करायले मी.” पण ओळखपत्राच्या फोटोसाठी त्यांनी नवं लुगडं नेसलं आणि पुढे आठवडाभर ते ओळखपत्र गळ्यात घालूनच भाकरी थापल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडून बसलो होतो. शिवकन्या आली, सोबत वडील. सटवाजी. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला टॉवेल. लेकीला नुसतं बसमध्ये न बसवता स्वतः पालमपासून आला होता. गाडी संध्याकाळी निघणार, म्हणजे त्याला लगेच उलट फिरायचं होतं.

“साहेब, खरंच उघडं हाय का?” त्यानं विचारलं. “पोरगी म्हनती, उघडं हाय. पर आमी पाचशे किलोमीटरवर जानार. तिथून काय बघता येतंय?”

मी त्याला वसतिगृह दाखवलं. चालू खानावळ दाखवली. कमलबाईंनी त्याला ओळखपत्र दाखवलं आणि “मी तिच्या शेजारच्याच खोलीत हाय, फिकीर करू नका” असं बजावलं. पण त्याचं समाधान कागदावरच झालं. वसतिगृह सुरू ठेवल्याच्या परिपत्रकाची प्रत मी त्याच्या हातात दिली. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं गोल शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

“ह्ये माझ्यापाशी ठिवू का? भावकी इचारती. दाखवाया बरं पडंल.”

“ठेवा. तुमच्यासाठीच आहे.”

त्यानं कागदाची चौपदरी घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली. फाटकाशी जाऊन एकदा वळला, वसतिगृहाच्या उघड्या दाराकडे बघितलं आणि झपाझप गेला.

त्याच दुपारी गणना सुरू झाली. कमलबाईंनी चुन्याची बादली कालवली. मोजलेल्या झाडाला चुन्याचा पट्टा मारायचा, म्हणजे ते दुसऱ्यांदा मोजलं जाणार नाही. ही शिवकन्येची युक्ती. वही तिच्याकडे, बादली प्रियांकाकडे, झाडाचं नाव सांगायचं काम कमलबाईंचं, कारण बीएस्सीच्या पोरींना हिवर आणि खैर यातला फरक कळत नव्हता. आणि मी, नियोजन विभाग, छत्री घेऊन मागे.

पहिल्या दिवशी एकशे आठ झाडं झाली. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी सत्तर. तिसऱ्या दिवशी आम्ही माळावर गेलो आणि दुपारपर्यंत एकोणीस. समोर वेड्या बाभळीचं रान माजलं होतं, गुडघाभर, मांडीभर.

“ही धरा की,” मी म्हणालो. “हिरवीच आहेत. नुसत्या या पट्ट्यात हजारभर निघतील.”

शिवकन्येनं वही बंद केली.

“सर, ही झाडं न्हाईत. ह्यो काटा हाय.”

“गणनेत कुठे लिहिलंय काटा धरू नये म्हणून?”

“लिव्हलं न्हाई. पर मला म्हाईत हाय.” ती खाली मुरमावर बसली. “मी ल्हान होते तवा मायबाप मला फडावर न्यायचे. ते तोडायचे, मोळ्या बांधायचे आन मी बांधावर बसून मोजायची. एक मोळी, एक खडा. संध्याकाळी मुकादम त्याचा आकडा सांगायचा, मी खडे दाखवायची. त्यो कमीच सांगायचा. एकदा मला वाटलं, आपन बी चार खडे जास्त टाकू. तर बाप माझ्यावर पहिल्यांदा वरडला. म्हनला, तुझा खडा खोटा निघाला तर उद्या कुनीच तुझं मोजलेलं धरनार न्हाई.”

मला त्या पोरीचा भयंकर राग आला. छत्री उघडून मी दहा पावलं पुढे गेलो, तिथेच उभा राहिलो आणि मग दहा पावलं मागे आलो.

“नको धरायला काटे,” मी म्हणालो. “रोपांचं काय करायचं?”

“एक उन्हाळा काढलेलं धरू. ह्या जुलैचं न्हाई.”

“बरं. हा नियम लिहून घे. एक उन्हाळा काढलेलंच झाड.”

त्यानंतर मला मजा यायला लागली, हे मी कबूल करतो. आकड्याची भीती गेली आणि झाडं दिसायला लागली. अकरा वर्षं या माळावर नोकरी केली, पण टाकीमागे एक सीताफळ आहे आणि त्याला फळ धरतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या इमारतीच्या आत, छप्पर नाही तिथे, पिंपळ उगवला होता, त्याला धरायचं की नाही यावर दोन तास भांडण झालं आणि शेवटी कमलबाईंनी निकाल दिला, “जित्तं हाय ना? मग धरा.” दुपारी बादली सावलीत ठेवून सगळ्या जणी तिथेच जेवायच्या. भाकरी, ठेचा, दिवाळीचे उरलेले कानवले. प्रियांका पाहुण्यांच्या नकला करायची. एकीनं चुन्याचा पट्टा माझ्या छत्रीच्या दांडीला मारला आणि मला तो संध्याकाळी घरी गेल्यावर कळला. अशी दिवाळी मी शाळेत असतानाही केली नव्हती.

पंधराव्या दिवशी शेवटचा कडुलिंब झाला. शिवकन्येनं तीन वेळा बेरीज केली. सहाशे बारा.

सुट्टी संपली त्या सकाळी मी अहवाल घेऊन कुलगुरूंच्या दालनात गेलो. पुढच्याच महिन्यात मूल्यमापन समिती येणार होती आणि तिच्यासाठीची फाईल मॅडमच्या टेबलावरच होती. त्यात माझा आठ हजार चारशे पन्नास होता, मोठ्या टायपात.

मॅडमनी अहवाल वाचला. मग फाईल उघडली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले.

“बाकीची सात हजार आठशे अडतीस झाडं कुठे गेली, व्यंकटराव?” त्यांनी वजाबाकी तोंडीच केली.

“नव्हतीच, मॅडम. मी दरवर्षी मिळवत गेलो. अकरा वर्षं. अक्षर माझं आहे, चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.”

एवढं बोललो आणि मला एकदम हलकं वाटलं.

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. “रुजू झाले त्या दिवशी मी इथून झाडं मोजली होती. अकरा. म्हटलं, बाकीची मागे असतील. दुसऱ्या दिवशी मागे गेले. मागे जलक्रीडा केंद्राची पाटी होती.”

मी मान खाली घातली.

“आणि तरीही मागच्या वर्षीच्या अहवालावर मी सही केली,” त्या म्हणाल्या. “तेव्हा सगळी चूक एकट्यानं घेऊ नका.”

त्या परत येऊन बसल्या, पेन उघडलं, फाईलमधला मोठ्या टायपातला आकडा खोडला आणि वर स्वतःच्या हातानं ६१२ लिहिलं. खोडलं तिथे सही केली.

“लेखी समज तुम्हाला मिळेलच. शिवाय शिक्षा आहे, लिहून घ्या. ही गणना पाच वर्षांनी नाही, दरवर्षी करायची. दरवर्षी भाऊबीजेनंतर पंधरा दिवस. तुम्ही स्वतः हजर राहायचं. तुमची दिवाळीची रजा गेली, निवृत्तीपर्यंत. आणि हे दिनदर्शिकेत छापायचं, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्यालाही टाळता येणार नाही.”

मी लिहीत होतो. ‘दरवर्षी’ हा शब्द लिहिला आणि हात थांबला.

“मॅडम, दरवर्षी उपक्रम म्हणजे नियम चौदाप्रमाणे वसतिगृह दरवर्षी...”

“मला नियम चौदा वाचता येतो, व्यंकटराव. दोन्ही वाक्यं.”

मी बाहेर आलो आणि थेट खानावळीत गेलो. कमलबाईंना शिक्षा सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, तव्यावरची सगळ्यात फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि वर ठेचा वाढला. माझे डोळे ठेच्यानंच भरून आले, असं मी तिथल्या पोरींना सांगितलं. त्या महिन्याच्या ‘परिसर वृत्ता’त मी मथळा दिला: ‘विद्यापीठात ६१२ झाडे’. अकरा वर्षांत इतका साधा मथळा मी दिला नव्हता आणि इतक्या लोकांनी तो वाचलाही नव्हता. समितीतल्या एका गृहस्थांनी तर चुन्याचे पट्टे स्वतः मोजून बघितले. पन्नासपर्यंत मोजून त्यांनी नाद सोडला आणि आकडा मान्य केला.

शिवकन्येची परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा ती वर्गात दुसरी होती. पहिली का नाही, म्हणून मी तिला रागावलो.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी सटवाजी ऑफिसात आला. उन्हानं आणखी काळा झालेला, आणि या वेळी सोबत बायको, पारूबाई. फडावरून परत येऊन तीनच दिवस झाले होते. पारूबाईंच्या हातात दुधाच्या पिशवीत मातीसकट एक रोप होतं, जांभळाचं. तिकडे बांधावर उगवलेलं, ट्रकमध्ये मांडीवर धरून आणलं होतं. शिवकन्या धावत आली आणि आईला बिलगली. मी फायलीत डोकं घातलं, कारण काहीतरी पुसावं लागलं असतं.

“रोप लावू,” मी म्हणालो. “पण आकड्यात धरणार नाही. आधी उन्हाळा काढू दे. तुमच्या लेकीचा नियम आहे.”

सटवाजीनं बंडीच्या खिशातून परिपत्रक काढलं. घड्यांवर फाटलं होतं, शिक्का घामानं पसरला होता. त्यानं ते माझ्या टेबलावर जपून उलगडलं.

“साहेब, लय कामाला आला ह्यो कागद. भावकीत कोनी तोंड उघडलं की काडून दाखवायचो. आता इचारायचं एवढंच, पुढल्या साली बी ह्योच चालतो का? का नवा लागतो?”

“आता कागदाची गरज नाही,” मी म्हणालो आणि नव्या वर्षाची दिनदर्शिका शिवकन्येकडे सरकवली. “वाच.”

तिनं ओळीखाली बोट धरून वाचलं. “भाऊबीजेनंतर पंधरा दिवस वृक्षगणना. वसतिगृह व खानावळ सुरू राहील. दरवर्षी.”

“पुन्यांदा वाच,” सटवाजी म्हणाला. तिनं पुन्हा वाचलं.

“दरवर्षी म्हंजी,” त्यानं मला विचारलं, “हिचं शिकून झाल्यावर बी?”

“हो. तेव्हाही. मी नसलो तरी.”

पारूबाई आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी रोपाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, दिनदर्शिकेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे आणि शेवटी माझ्याकडे.

“म्हंजी धाकटीचं बी झालं,” त्या म्हणाल्या.

“काय वय तिचं?” मी विचारलं.

“आठवीत हाय.”

आठवी म्हणजे अजून चार वर्षं. तोवर मी निवृत्त झालेला असेन. पण नियोजन विभागाला कामं आधीच करून ठेवावी लागतात. मी वही ओढली, नवं पान उघडलं आणि तिचं नाव विचारून लिहून घेतलं.